लेकबाई

सोमवार, ३ फेब्रुवारी

आज पुन्हा. तिला 'लेक' आणि मला 'पाहुणी'!

मी दारात चपला काढत होते, पिशवी अजून खांद्यालाच. आई खुर्चीत, आणि ती खाली बसून आईची नखं कापत होती. आईने माझ्याकडे बघितलं, चांगलं निरखून बघितलं, आणि म्हणाली, "पाहुणी." मग तिच्याकडे वळून, "लेक, किल्ली." लेकबाई उठल्या आणि पाणी घेऊन आल्या.

हो, लेकबाईच. इथे लिहिताना तरी मी तिला हेच म्हणणार. तोंडावर काहीच म्हणत नाही, हाताने खुणा करते.

गेल्या ऑगस्टमध्ये आईचं उजवं अंग गेलं. अंग थोडं परत आलं, शब्द मात्र सगळे आपापल्या जागा सोडून बसले. पाण्याला किल्ली. दुखतंय म्हणायचं असेल तर मंगळवार. औषधाला खिडकी. स्पीच थेरपिस्ट म्हणाली, चुकला शब्द की लगेच सुधारायचा. ते काम मला सांगायला नको – वीस वर्षं सरकारी छापखान्यात प्रुफं तपासतेय. मी सुधारते. "किल्ली नाही आई, पाणी." आई तोंड मिटून घेते.

लेकबाई काही सुधारत नाहीत. कशा सुधारतील? ऑक्टोबरात आईला सांभाळायला आली तेव्हा आपल्या भाषेचा एक शब्द येत नव्हता. जी काही शिकली ती आईकडून.

बुधवार, ५ फेब्रुवारी

सकाळी आई ओरडायला लागली, "पोस्टमन, पोस्टमन!" मी धावत जाऊन दार उघडलं. कोणी नाही. मागे वळून बघते तर लेकबाईने आईला उचलून संडासात नेऊन बसवलंसुद्धा. मी मुकाट्याने दार लावलं.

शनिवार, ८ फेब्रुवारी

कोपऱ्यावरचा दुकानदार आज हसून हसून सांगत होता. आमची बाई त्याच्याकडे गेली आणि म्हणाली, दोन किल्ल्या द्या, थंड. त्याने कुलपाच्या दुकानाचा पत्ता सांगितला! तिने शेवटी फ्रिजकडे बोट दाखवलं. त्याने तिला सांगितलं, बाई, ह्याला पाणी म्हणतात. तर ती घरी येऊन आईला काय सांगत होती – मी स्वयंपाकघरातून ऐकलं – "आजी, दुकानवाला भाषा येत नाही."

मीही हसले. पुरेपूर हसले. मग चहा ओतताना लक्षात आलं की तिच्या लेखी मी बोलते ती ऑफिसची भाषा असणार आणि आई बोलते ती घरची. ह्या घरात घरची भाषा येत नाही असं माणूस एकच, आणि ते मी. आईच्या पोटी जन्मून!

वरच्या मजल्यावरच्या वहिनींचं दीड वर्षाचं बाळ दुपारी आमच्याकडे असतं. त्याला आई 'बशी' म्हणते. बशी आली की आईचा चेहरा फुलतो. लेकबाई मात्र बाळ आलं की पहिल्यांदा त्याला पाणी पाजते, त्याला तहान असो की नसो. वाटी ओठाला लावूनच ठेवते. "बशी, किल्ली. आधी किल्ली." वहिनी वैतागल्यात, म्हणतात तुमची बाई पोराचं पोट पाण्यानेच भरते. मी म्हटलं, आमच्याकडे कोण कोणाचं ऐकतंय.

बुधवार, १२ फेब्रुवारी

आज छापखान्यात नवं विधेयक आलं. आमची जोडी ठरलेली – माझा सहकारी मूळ प्रत मोठ्याने वाचतो, मी प्रुफावर बोट ठेवून बघते. तो विरामचिन्हंही वाचतो. वाक्य संपलं की असा समाधानाने 'पूर्णविराम' म्हणतो की सगळा विभाग त्याला पूर्णविरामच म्हणतो.

माणसांची चोरटी वाहतूक. आधी तीन वर्षं होती, आता दहा. सीमेपलीकडून माणसं लपवून आणील त्याला दहा वर्षं. वाटेत त्यांना इजा झाली तर चौदा. "बालकाचा मृत्यू ओढवल्यास, स्वल्पविराम, आजन्म कारावास, पूर्णविराम." इथपर्यंत मी नुसती अक्षरं बघत होते. बरी शिक्षा आहे, असंही मनात आलं.

मग सातवं कलम. "जी कोणी व्यक्ती, स्वल्पविराम, अशा रीतीने आणलेल्या व्यक्तीस, स्वल्पविराम, तसे समजण्यास वाजवी कारण असताना, स्वल्पविराम, आसरा देईल –" माझं बोट तिथेच राहिलं. तो पुढे दोन ओळी गेला आणि थांबला.

"काय बाई, चूक सापडली?"

म्हटलं, नाही, डोळ्यात काहीतरी गेलं. तो म्हणाला, आता पावसात कुणाच्या डोक्यावर छत्री धरायचीसुद्धा चोरी! आणि पुढे वाचू लागला. पुढचं पोटकलम – आसरा देणाऱ्याने स्वतःहून कळवलं तर त्याच्यावर खटला नाही. आणलेली व्यक्ती आणणाऱ्याविरुद्ध साक्ष देईल तर तिला आरोपी धरायचं नाही, राहू द्यायचं. साक्ष नसेल तर सीमेपलीकडे परत.

लेकबाई कशी आली ते मला कळलं होतं. आधीच्या नर्सने तिला आणून उभी केली तेव्हाच ती ओझरतं म्हणाली होती, ट्रकमधून आली बिचारी, मालाच्या मागे. मी पुढे विचारलं नाही. आईला उचलणारं कुणीतरी हवं होतं. कळलं होतं, पण कळवून घेतलं नव्हतं.

बसमध्ये भीती वाटली. आणि भीतीच्या खालून दुसरंच काहीतरी वर आलं – हिला घालवायला आता मला काही करावंच लागणार नाही. सुंठीवाचून खोकला जाणार!

गुरुवार, १३ फेब्रुवारी

तिने आज आईचे केस धुतले. आई मांजरीसारखी डोळे मिटून बसली होती. माझ्या हाताखाली आई कधी डोळे मिटत नाही.

रविवार, १६ फेब्रुवारी

लेकबाईला ताप. म्हणून दिवसभरासाठी बदली बाई बोलावली. जाडजूड, सारखी फोनवर, आईला अंडं भरवताना निम्मं स्वेटरवर. संध्याकाळी आई तिलाही म्हणाली, "लेक."

म्हणजे जी येईल ती लेक! एक दिवसाची, तीसुद्धा लेक! फक्त शेहेचाळीस वर्षांची जी आहे ती नाही.

गुरुवार, २० फेब्रुवारी

आज मी ठरवून सुट्टी घेतली. म्हटलं आईचं सगळं मी करीन, तू बस. तिला खुणेने खुर्चीत बसवलं.

आईला भात भरवला. तिसऱ्या घासाला म्हणाली, "मंगळवार." मी म्हटलं, "नाही आई, आज गुरुवार. गुरु-वार. म्हण बघू!" आई पुन्हा म्हणाली, मंगळवार. मी पुन्हा गुरुवार. आईच्या डोळ्यांत पाणी आलं. लेकबाई खुर्चीतून उठून आली, आईच्या तोंडात बोट घातलं आणि कवळी काढली. कवळीखाली भाताचं शीत नाही, चक्क खडा होता. हिरडीतून रक्त येत होतं.

मला ठाऊक होता तो शब्द. पहिल्या दिवशी ह्याच वहीत लिहिलाय मी. पण माझ्या डोक्यात अर्थ येण्याआधी दुरुस्ती येते.

आईने तिचा हात धरला आणि गालाला लावला. मी तिथेच उभी होते, हातात भाताचं ताट. काय वाटलं ते सरळ लिहिते. वाटलं, हिचा हात मोडावा.

रविवार, २३ फेब्रुवारी

भावाचा फोन. व्हिडिओवर. आईने त्याला बघितलं आणि हसून म्हणाली, "डबा!" तो खो खो हसला. "डबा तर डबा," म्हणाला, "आई, डबा मजेत आहे." दर आठवड्याला दहा मिनिटं उंटावरून शेळ्या हाकतो आणि आईचं हसू घेऊन जातो.

मी त्याला म्हटलं, मला पाहुणी म्हणते त्याचं काय? म्हणाला, "ताई, तू कशाला मनावर घेतेस, तिचे शब्द असेच झालेत." त्याला सोपं आहे. डब्याला अर्थच नाही काही. पाहुणीला आहे. सकाळी आठला जाते, संध्याकाळी सातला येते, रविवारी कपडे आणि बँक. शोभतोच की शब्द मला! म्हणून तर लागतो.

आजारपणाआधी मला 'खारे' म्हणायची. लहानपणी मी खारीसारखी शेंगदाणे गालात साठवायची म्हणून. सहा महिन्यांत एकदा तरी तोंडून निघेल असं वाटलं होतं.

मग भावाने कायद्याचं काढलं. त्यानेही बातमी वाचली होती. "ताई, काढून टाक तिला. उद्या तुलाच आत घालतील." म्हटलं, मग आईला कोण उचलणार? तू? त्याला तेवढ्यात दुसरा फोन आला.

गुरुवार, २७ फेब्रुवारी

विधेयक मंजूर झालं. विरोधात फारसं कुणी बोललंच नाही म्हणे. राजपत्राची पानं आज आमच्या हाताखालून गेली – "तात्काळ अंमलात येईल, पूर्णविराम." पूर्णविराम म्हणाला, बाई, तुमचा चेहरा असा का, सरकारने तुमचीच शिक्षा वाढवल्यासारखा? मी म्हटलं, गप वाचा.

घरी आले तर लेकबाईच्या अंगावर माझी निळी शाल. माझी म्हणजे आईची. माझ्या पहिल्या पगारातून तिला घेतलेली. वीस वर्षं आईने ती कपाटात जपून ठेवली, मला म्हणायची, चांगली आहे, वापरून खराब होईल. आणि आता हिच्या खांद्यावर! आईने दिली, हे उघड आहे. ताप येऊन गेला, थंडी वाजत असेल, हेही उघड आहे. माझ्या अंगाचा तिळपापड झाला तो झालाच.

शनिवार, १ मार्च

अर्धा दिवस होता. द्राक्षं घेतली आणि लवकर घरी आले. जिन्यातच आईचं हसणं ऐकू आलं. ऑगस्टपासून आईला असं हसताना मी ऐकलं नव्हतं. पायरीवर उभी राहून ऐकलं. चोरासारखी, आपल्याच घराबाहेर.

आत गेले. बाळ लेकबाईच्या मांडीवर, वाटी त्याच्या ओठाला. आई टाळी वाजवायला बघत होती, एका हाताने मांडीवर. मला बघून म्हणाली, "पाहुणी! पाहुणी!" आणि मग लेकबाईने माझ्याकडे बघितलं, तोंड भरून हसली, शेजारच्या खुर्चीवर हात थोपटला आणि म्हणाली –

"ये पाहुणी. बस."

ती! मला! माझ्या घरात, माझ्या खुर्चीत बसून, माझ्या आईची शाल पांघरून! आईचं एक समजू शकते, आजारी आहे. पण हिने? आजवर मला ही काहीच म्हणत नव्हती, मान खाली घालायची. आता पाहुणी म्हणण्यापर्यंत मजल गेली. भटाला दिली ओसरी आणि भट हातपाय पसरी.

द्राक्षं ओट्यावर टाकली आणि खोलीत जाऊन दार लावलं.

रविवार, २ मार्च

फोन केला.

कलमात लिहिलेलाच नंबर. मी स्वतः तपासला होता, एक आकडा उलटा पडला होता तो मीच दुरुस्त केला होता. पलीकडच्या माणसाला सगळं नीट सांगितलं. तो म्हणाला, तुम्ही जबाबदार नागरिक आहात. मी बरं म्हटलं.

भावाला कळवलं, कायदा आहे, करावंच लागलं. पूर्णविरामालाही उद्या हेच सांगीन. इथे खोटं लिहून काय करू? कायदा तीन दिवसांचा, पोटदुखी पाच महिन्यांची.

तिने आज द्राक्षं सोलून आईला भरवली. एकेक, बिया काढून.

मंगळवार, ४ मार्च

आले. इन्स्पेक्टर बाई आणि एक शिपाई. इन्स्पेक्टर बाई माझ्याच वयाची, बोलायला नरम. म्हणाली, हिला आरोपी करायचं नाही आम्हाला, आम्हाला तो ट्रकवाला हवाय. हिच्यासारखे बरेच आणलेत त्याने. हिने नीट जबाब दिला तर हिचं इथेच काहीतरी होईल. नाही दिला तर परत पाठवावं लागेल, माझ्या हातात नाही.

लेकबाई रडली नाही. मला वाटलं होतं, पाया पडेल, गयावया करेल. तिने पिशवी भरली, पाचच मिनिटं लागली. शाल काढून माझ्यापुढे धरली. बाहेर गार वारा होता. मी म्हटलं, राहू दे. काय म्हणून म्हटलं, कोण जाणे.

जाताना तिने मला बोटांवर मोजून सांगितलं, "सकाळ खिडकी दिली. दुपार खिडकी पांढरी. रात्र दोन." मी मान हलवली. इन्स्पेक्टर बाईने माझ्याकडे बघितलं. म्हटलं, औषधं सांगतेय.

आई ओरडत राहिली. "लेक! लेक! मंगळवार! मंगळवार!" शिपाई हळूच म्हणाला, आजींना वार मात्र बरोबर कळतो.

बुधवार, ५ मार्च

नवी बाई रविवारपासून येईल. तोवर सुट्टी. आई जेवली नाही.

शुक्रवार, ७ मार्च

आज "किल्ली" म्हणाली तेव्हा मी नुसतं पाणी आणून दिलं. काही बोलले नाही. आई पाणी प्यायली आणि पेला माझ्या हातात देताना जरा वेळ तिने हात सोडला नाही. एवढंच.

दोन शब्द मला अजून लागलेले नाहीत. 'झाडू' म्हणजे काय? आणि 'गाणं'? सकाळपासून म्हणतेय. झाडू आणला, तर डोळे मिटले. गाणं लावलं, तर मान फिरवली. लेकबाईला ठाऊक असणार. तेवढ्यासाठी तरी तिची आठवण यावी, हाही मेला जाचच!

वहिनी बाळाला घेऊन आल्या होत्या. विचारत होत्या, तुमची बाई गेली का? म्हटलं, गेली. बाळ वाटीसाठी इकडेतिकडे बघत होतं.

सोमवार, १० मार्च

इन्स्पेक्टर बाईचा फोन. जबाब जुळतच नाही म्हणाली. तिच्या भाषेचा दुभाषी मिळत नाही, जो मिळाला तो पलीकडच्या प्रांताचा, त्याला तिचं निम्मंही कळलं नाही. ती आपली इथली भाषा बोलते, पण वेड्यासारखं. वरिष्ठांना वाटतंय की ट्रकवाल्याला वाचवायला मुद्दाम वेड पांघरतेय. फोनवर दोन ओळी वाचून दाखवल्या. "गाडीवाल्याने किल्ली दिली नाही. सगळ्यांना फार मंगळवार झाला."

बाई विचारत होती, मॅडम, तुम्हाला काही बोध होतो का ह्याचा? तुमच्याकडे पाच महिने होती म्हणून विचारते.

म्हटलं, उद्या येते.

मंगळवार, ११ मार्च

एक टेबल, चार खुर्च्या, भिंतीला जुनं कपाट. लेकबाई शाल पांघरून बसली होती. मला बघून उभी राहिली. मीच तिला इथे आणून बसवलं हे तिला ठाऊक आहे की नाही, ते मला तिच्या तोंडावरून कळलं नाही.

बाई विचारत होती, ती सांगत होती, मी अर्थ लावत होते. आईच्या शब्दांचा. आईच्या शब्दांवर सरकारी शिक्का बसताना मी बघत होते. ट्रक बाहेरून बंद. आत चौदा माणसं, पोत्यांच्या मागे. किल्ली नाही – पाणी नाही, म्हटलं, पाणी दिलं नाही. पोस्टमनला जायला उतरवलं नाही. बाईने पेन थांबवलं. मी सांगितलं. ती खाली मान घालून लिहू लागली.

मग तिने कागद उलटला आणि म्हणाली, "हे एक मला कळत नाही, आणि ही सारखी तेच सांगते. एक बशी होती, बशीला किल्ली दिली नाही, बशी गार झाली. आम्हाला वाटलं, जेवणाचं काहीतरी."

लेकबाई माझ्याकडे बघत होती. दोन्ही हात मांडीवर, जसं बाळ घेऊन बसायची तसे.

बाईने पाण्याचा पेला पुढे केला, तो मी घेतला नाही. शेवटी म्हटलं, "बशी म्हणजे बाळ. लहान बाळ. पाणी मिळालं नाही त्याला."

"कुणाचं?"

मी लेकबाईला विचारलं. हळू, आईसारखं विचारलं, "बशी – कुणाची?" ती म्हणाली, ट्रकमध्ये शेजारी बसलेल्या बाईची. रात्रभर त्या बाईने आणि हिने आळीपाळीने धरलं. सकाळी गाडीवाल्याने दार उघडलं तेव्हा ह्याच्या मांडीवर होतं. म्हणजे हिच्या. माझंही लिंग-वचन आज जाग्यावर नाही.

इन्स्पेक्टर बाई म्हणाली, मग हे सहावं कलम झालं, बालकाचा मृत्यू. मी मान हलवली. मला पाठ आहे ते, स्वल्पविरामासकट.

जबाब पुरा झाला. खाली तिचा अंगठा आणि दुभाषी म्हणून माझी सही. बाई म्हणाली, आता त्याला सोडत नाही. आणि हिला परत पाठवायचा प्रश्नच नाही, हीच मुख्य साक्षीदार. तुम्ही आला नसता तर गेली असती ही, मॅडम. ती मला धन्यवाद देत होती!

बुधवार, १२ मार्च

काल एक लिहिलं नाही. हात धजला नाही.

सही झाल्यावर बाईने शेवटचा रकाना वाचला – साक्षीदाराचं घरमालकांशी नातं. म्हणाली, इथे हिने पहिल्याच दिवशी सांगितलंय की मी त्या आजींची लेक. आणि तुम्ही पाहुण्या. खोटं नातं सांगितलं असं होईल हे, काय करू?

मी लेकबाईला विचारलं, लेक म्हणजे कोण?

ती म्हणाली, "लेक – पगार घेते ती. मी लेक. रविवार जाडी बाई, लेक. दवाखाना सुई देते, लेक."

आणि पाहुणी?

तिने माझ्याकडे असं बघितलं, जशी मी तिची फिरकी घेतेय. मग स्वतःच्या पोटावर हात ठेवला आणि तो माझ्याकडे नेला. "आजीच्या पोटातून आली ती. तू. आजी रोज दाराकडे बघते. सकाळ बघते, दुपार बघते. पाहुणी कधी, पाहुणी कधी."

किल्ली, खिडकी, मंगळवार, बशी, डबा – सगळे शब्द चुकलेले धरले मी. नेमके दोनच बरोबर धरले.

आज घरी आले. चपला काढत होते. आई दाराकडे बघत होती. म्हणाली, "पाहुणी."

म्हटलं, "हो आई. आली पाहुणी."